चपला घातल्यावर विचारू नये

आमच्या घरात चपला घातलेल्या माणसाला 'कुठं?' असं विचारत नाहीत. हा नेम इतरही घरांत असतो, पण आमच्याकडे तो कायद्यासारखा पाळतात. निघालेल्या माणसाला कुठं म्हटलं की त्याचं काम होत नाही. फारच पोटात दुखत असेल तर 'लांबचं काम काढलं वाटतं' एवढं म्हणावं आणि समोरचा जे सांगेल त्यावर भागवावं. चुकून कुणी बोललाच, तर निघालेल्यानं परत घरात यायचं, चपला काढायच्या, पाच मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, कपाळाला नव्यानं विभूती लावून घ्यायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. मी सात वर्षांचा असताना वडील जमिनीच्या कामासाठी जिंतूरला निघाले होते. दारातच मी विचारलं, कुठं? ते परत फिरले. दुसऱ्यांदा निघाले तर शेजारच्या म्हातारीनं तेच विचारलं. तिसऱ्यांदा निघेपर्यंत एसटी निघून गेली होती. म्हातारीला काही म्हणता येत नव्हतं, म्हणून दोघांच्या वाटचा मार मी एकट्यानं खाल्ला.

तेव्हापासून मी घरातल्या माणसांना प्रश्न विचारणं सोडून दिलं. आधी 'कुठं' गेलं, मग 'कधी' गेलं आणि 'का' तर कधी आलंच नाही.

गंमत अशी की माझा धंदाच प्रश्न विचारण्याचा आहे. बोरीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. शेतकरी चार पानं रुमालात बांधून आणतो आणि काउंटरवर टाकतो. मग मी सुरू होतो. पीक किती दिवसांचं? पान आधी कडेनं वाळलं की मधून? शेवटचं पाणी कधी दिलं? रात्री गार पडतं का? न विचारता बाटली हातात देणाऱ्या दुकानदाराला मी दुकानदार समजत नाही. आणि समोरचा नीट उत्तर देत नसेल तर मी भडकतो. पंचक्रोशीत माझ्या औषधाइतकाच माझा तोंडाळपणा प्रसिद्ध आहे. कापसाच्या एका झाडाबद्दल मी वीस प्रश्न विचारतो. बायकोला बारा वर्षांत किती विचारले असतील, ते बोटांवर मोजता येईल, आणि त्यातले निम्मे 'मीठ कमी पडलं का?' याच जातीचे.

ती परभणीला कापसाच्या संशोधनाच्या कामावर होती. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं यायची. आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल सगळ्या गावानं विचारलं. आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी जेवताना ती म्हणाली, "मला तुर्कस्तानात पीएचडीला घेतलंय. शिष्यवृत्ती हाय. चार वर्षं."

माझा घास हातातच राहिला. आईच्या हातातली पळी आमटीत बुडाली ती वर येईना. तुर्कस्तान मला फक्त नकाशावर माहीत होतं, तेही शाळेत छडी खाऊन. मी ताटावरूनच ओरडलो, "चार वर्षं? आन् मला आज सांगायलीस? हे कव्हापासून चाललंय?"

"आठ महिने झाले."

"आठ महिने! मी काय मेलो होतो?"

ती शांतपणे भाकरी मोडत म्हणाली, "तुमी इचारलंच न्हाई. पासपोर्टसाठी पोलीस घरी आला होता. तुमीच त्याला च्या पाजला. तवा बी इचारलं न्हाई."

हे खरं होतं. एक पोलीस आला होता, मी त्याला खुर्ची दिली होती, चहा दिला होता, पावसापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या. बायकोची सही घेऊन तो निघून गेला. मला वाटलं, हिच्या ऑफिसचं काही असेल. पोलीस घरी आला तरी त्याला 'का आलात' म्हणून न विचारणारा नवरा जगात मी एकटाच असेन. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली.

पण गावात इज्जत होती. 'जा' म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला मीच छाती फुगवून सांगत सुटलो की आमची बायको परदेशात शिकायला निघालीय. आईनं त्या दिवशी पूजेला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, एवढंच.

जाण्याआधी तिला थोडीफार भाषा यायला हवी होती. मोबाइलवर तिचा वर्ग चालायचा. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की घरातल्या कुणालातरी समोर बसवा, त्याला प्रश्न विचारायला लावा आणि तोंडानं उत्तरं द्या. घरात आम्ही तिघंच. आईला वाचता येत नाही. राहिलो मी.

तिनं माझ्यासाठी एक दोनशे पानी वही केली. तुर्की वाक्यं, पण आपल्या अक्षरांत. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. अर्थ कुठेच नाही. "अर्थाचं तुमाला काय करायचंय?" ती म्हणाली. "तुमी फक्त इचारा. जवाब वहीबरहुकूम आला का तेवढं बघा." तेही बरोबर होतं. मला फक्त माप तपासायचं होतं, माल कसला आहे ते नाही.

सकाळी ती भाकरी करायची आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसायचो. तिचे हात पिठात, तोंड तव्याकडे, पाठ माझ्याकडे.

"आदन ने?" मी विचारायचो. ती तिचं नाव सांगायची.

"नेरेलिसिन?" ती परभणीचं नाव घेऊन काहीतरी म्हणायची. मी वहीत बोट फिरवायचो आणि म्हणायचो, "बरोबर."

पहिले चार दिवस मला वाटलं, मी दगड चावतोय. पाचव्या दिवशी एक वाक्य आलं आणि त्यात चक्क 'दुकान' हा शब्द. मी दचकून थांबलो. "हे काय? दुकान?" ती म्हणाली, "दुकानच." मग किताब निघाली, कलम निघाली, हवा, दुनिया, मैदान, जवाब निघाला. माझ्या दुकानासमोर पंक्चर काढणारे चाचा दिवसभर जे बोलतात त्यातले अर्धे शब्द हजारो कोसांवर बसलेली माणसं बोलतात, हे ऐकून मी चाटच पडलो. चाचांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मालूम नहीं था क्या?" जसं काही ते दर शुक्रवारी तिकडे जाऊन येतात.

मग आणखी एक धक्का. तिला विचारलं नाही, पण मोबाइलवरचा तिचा वर्ग कानावर पडून पडून लक्षात आलं की त्यांचं क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. आणि त्याच्या शेपटीवरून माणूस ओळखू येतो. आपण 'करतोस' म्हटलं की 'तू' वेगळं सांगावं लागत नाही, तसं. शेवटी 'युम' किंवा 'इम' आलं की बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय. 'सुन' किंवा 'सिन' आलं की समोरच्याबद्दल. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटाशी एक छोटासा 'मी' नाहीतर 'मु' जोडायचा, आपण 'का' जोडतो तसा. आणि यायला ते म्हणतात 'गेल'. येण्याला गेल! मी उंबऱ्यावर बसून इतका हसलो की आई देवघरातून ओरडली.

एका शब्दावर तर मी तीन आठवडे फिदीफिदी हसत होतो. वहीत प्रश्न होता, 'मुतलू मुसुन?' आणि उत्तर, 'एवेत, मुतलूयुम.' सकाळच्या प्रहरी आई विभूती लावून बसलेली आणि मी मोठ्यानं बायकोला विचारतोय, मुतलू मुसुन! ती न हसता उत्तर द्यायची. एवेत, मुतलूयुम. मी म्हणायचो, बरोबर.

पहिलं उत्तर चुकलं ते दुसऱ्याच प्रश्नाला. 'काच चोजूउन वार?' असं मी विचारलं. वहीत होतं, 'इकी चोजूउम वार.' रोज ती तेच म्हणायची. त्या दिवशी तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "योक."

"चुकलं," मी म्हणालो. "वहीत लांबलचक हाय."

"पुढचा इचारा," ती म्हणाली.

पुढचा होता तो मुतलूचा. मी हसू दाबत विचारला. तिनं भाकरी तव्यावरून काढून विस्तवावर टाकली. ती फुगली. मग हळूच म्हणाली, "हायर. मुतलू देईलिम."

"ह्ये बी चुकलं. एवेत पाह्यजे."

"चुकलं न्हाई," ती म्हणाली, आणि लगेच, "चुकलंच. पुढचा इचारा."

मला काही कळलं नाही, पण तो आवाज मला खटकला. गिऱ्हाईक म्हणतं 'पीक बरंय', पण त्याच्या आवाजावरून कळतं की शेत गेलंय, तसा तो आवाज होता. दुकानात गेलो. शटर उघडलं, पण काउंटर पुसला नाही की अगरबत्ती लावली नाही. मोबाइल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वहीतल्या शब्दांचे अर्थ शोधायला बसलो.

काच म्हणजे किती. चोजूक म्हणजे मूल. 'तुला किती मुलं आहेत?' वहीतल्या बाईला दोन होती. रोज सकाळी, दोन महिने, मी माझ्या बायकोला विचारत होतो की तुला किती मुलं आहेत, आणि ती पाठमोरी राहून सांगत होती, दोन. मी म्हणत होतो, बरोबर.

योक म्हणजे नाही.

मुतलू म्हणजे सुखी.

समोर एक शेतकरी रुमालातली पानं घेऊन उभा होता. तो काहीतरी बोलत होता, मला त्याचे ओठ हललेले दिसत होते. ज्या शब्दावर मी तीन आठवडे दात काढले तो शब्द सुख होता. 'तू सुखी आहेस का?' हे मी तिला विचारलं होतं, हसत हसत, आणि तिनं उत्तर दिलं होतं. नाही. मी सुखी नाही. शेवटी 'इम' होता. ती वहीतल्या बाईबद्दल बोलत नव्हती.

त्या शेतकऱ्यावर मी विनाकारण खेकसलो. त्याला चुकीची बाटली दिली आणि तो पायरी उतरल्यावर धावत जाऊन परत घेतली. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, काय कमी केलं हिला? कधी हात उगारला नाही, कधी पगार मागितला नाही, परभणीला जाऊ दिलं. 'जाऊ दिलं' हा शब्द मनात आला आणि मी तिथंच थबकलो.

घरी जाऊन तिला सरळ विचारायला हवं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मी काय केलं? मी गुपचूप तुर्की शिकायला लागलो. गिऱ्हाईक नसलं की मोबाइल, गिऱ्हाईक असलं तरी काउंटरखाली मोबाइल. किम म्हणजे कोण. ने झमान म्हणजे कधी, तो आपला जमानाच. नेरेये म्हणजे कुठे, म्हणजे ज्याला आमच्याकडे बंदी तोच. नेदेन म्हणजे का. माझ्या घरात ज्यांना थारा नव्हता ते सगळे प्रश्न मी बेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या भाषेत घोकत होतो. आणि सकाळी त्याच उंबऱ्यावर बसून, काही न कळल्याचं तोंड करून, विचारत होतो.

तिला सवय लागली. रोज पंधरा उत्तरं वहीतली द्यायची आणि मध्येच एखादं स्वतःचं. तिला वाटत होतं, उंबऱ्यावर नुसता कान बसलाय. एकदा 'आकशाम ने यापारसन?', म्हणजे संध्याकाळी काय करतेस, या प्रश्नावर वहीत 'किताब वाचते' असं होतं. ती तुर्कीतच म्हणाली, बसमधून उतरते आणि थोडा वेळ स्टँडवरच बसते. लगेच घरी यावंसं वाटत नाही. मी वहीकडे बघत म्हणालो, "चुकलं." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बोरीच्या स्टँडपासून आमचं घर पाच मिनिटांवर आहे.

जायला आठवडा उरला तेव्हा मी वहीत नसलेला एक प्रश्न जुळवला. दोन दिवस लागले. शेपट्या नीट लागतात का ते दहादा तपासलं. सकाळी बाकीच्या प्रश्नांच्या मध्ये तो सरकवून दिला. "गेरी द्योनेजेक मिसिन?" परत येशील का?

तिचे हात थांबले. "ह्यो वहीत हाय?"

"हाय की," मी खोटं बोललो आणि पान उलटलं.

भाकरी करपल्याचा वास आला. मग ती म्हणाली, "बिलमियोरुम."

हा शब्द मला पाठ होता. माहीत नाही. मी वही मिटली, दुकानात गेलो आणि खताच्या पोत्यावर बसून राहिलो. बारा वर्षं मी समजत होतो की आमच्या घरात भांडण नाही म्हणजे सगळं ठीक आहे. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, माझी कधीच सरकून गेली होती, मला फक्त पत्ता नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी दारात जीप उभी होती. परभणीला रेल्वे, मग विमान. गल्लीतल्या बायका जमल्या. आईनं तिच्या तळहातावर दही ठेवलं, कपाळाला विभूती लावली. ती आईच्या पाया पडली. चपला घातल्या. उंबऱ्याबाहेर पाय टाकून, सगळ्यांकडे बघून ती म्हणाली, "येते."

आमच्याकडे 'जाते' म्हणत नाहीत. नाक्यावर मीठ आणायला जाणारीही 'येते' म्हणते आणि कायमची जाणारीही 'येते' म्हणते. त्या शब्दावरून काही कळायला मार्ग नव्हता. जीपचं दार उघडलं गेलं. तिनं एक पाय आत ठेवला. आणि मी, सगळ्या गल्लीसमोर, माझ्या आईसमोर, ओरडलो, "कुठं निघालीस?"

एका बाईनं तोंडाला पदर लावला. आई किंचाळलीच, "आरं मेल्या! विमानाला निघालेल्या बाईला कुठं म्हनतूस?" ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. त्यालाही नेम माहीत होता.

बायको पाय बाहेर काढून माझ्याकडे बघत उभी राहिली. मग परत आली, चपला काढल्या आणि आतल्या खोलीत जाऊन खाटेवर बसली. तसंच करावं लागतं. आई पाणी आणायला धावली. मी आत गेलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. वही माझ्या हातात नव्हती.

"मुतलू मुसुन?" मी म्हणालो.

"आता अभ्यास कसला काढला?" ती वैतागून म्हणाली.

"मुतलू म्हणजे सुखी. चोजूक म्हणजे लेकरू. तू स्टँडवर बसतीस."

मला आजवर जेवढे धक्के बसले होते ते सगळे एकदम तिच्या तोंडावर दिसले. "तुमाला कळायचं?" ती कशीबशी म्हणाली.

"कळायचं."

"समदं?"

"समदं न्हाई. बरंचसं."

"आन् मला बोलला न्हाईत?" तिचा आवाज चढला. बारा वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "दोन दोन महिने तितं बसून चुकलं, चुकलं म्हणायलात? लाज न्हाई वाटली?"

"वाटली. भ्याव बी वाटलं." मग मी ते विचारलं, मराठीतच. "मी आधीच इचारलं असतं तर तू ऱ्हायली असतीस का?"

आई पाणी घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. बायकोनं डोळे पुसले आणि अगदी नीट, समजावून सांगावं तसं सांगितलं, "न्हाई. गेलेच असते. पण सांगून गेले असते."

ती पाणी प्यायली. आईनं पुन्हा विभूती लावली. पाच मिनिटं झाली होती. या खेपेला दारात ती 'येते' म्हणाली नाही, दुसरंही काही म्हणाली नाही. जीप वळेपर्यंत मागे बघत राहिली.

त्याला आता दुसरं वर्ष लागलं. ती रविवारी सकाळी फोन करते. पहिले काही महिने आम्ही दोघंही चाचपडत होतो. मी एक ठरवलं होतं की गिऱ्हाइकाला विचारतो तसं हिला विचारायचं, उत्तर मिळेपर्यंत. काय जेवलीस? खोलीत थंडी किती? तुझ्या कापसाला तिकडे कुठला किडा लागतो? रडलीस का? का रडलीस? आम्हाला न झालेल्या लेकराबद्दलही एका रविवारी बोललो. ती तिकडे, मी इकडे, फोन धरून दोघंही रडलो आणि आईनं न विचारता दार ओढून घेतलं. शेवटचा प्रश्न मात्र दर रविवारी एकच. परत येशील का? आणि दर रविवारी उत्तर एकच. बिलमियोरुम. तो शब्द ऐकला की आठवडाभर मी दुकानात लोकांवर खेकसत असे. एवढं विचारून झालं, अजून हिला माहीत नाही?

मागच्या रविवारी मला ताडकळसला जायचं होतं. एका शेतकऱ्याचं हळदीचं पीक पिवळं पडलं होतं आणि मी येऊन बघतो म्हणून शब्द दिला होता. मोटारसायकल बाहेर काढून चालू केली, चपला घातल्या आणि फोन वाजला. उंबऱ्यात उभं राहूनच उचलला.

तिला मोटारसायकलचा आवाज गेला असावा. "कुठं निघालाव?" ती म्हणाली. मुद्दाम. आवाजात हसू होतं.

फोनचा आवाज मोठा होता. आतून आई ओरडली, "तिला बी तीच खोड लागली का?" मी गाडी बंद केली, चपला काढल्या, आत येऊन त्याच खाटेवर बसलो. ताडकळसला, हळद, पिवळी पडलीय, सगळं सांगितलं. मग म्हटलं बसलोच आहे तर विचारून घ्यावं. "गेरी द्योनेजेक मिसिन?"

नेहमीचा शब्द येईल म्हणून मी दात आवळून बसलो. तो आला नाही. मग ती म्हणाली, "सेन गेलिर मिसिन?"

मी मनातल्या मनात शेपटी धरून ते वाक्य सोडवलं. एकदा, दोनदा. चूक होत नव्हती. ती मला विचारत होती. तू येशील का?

तिनं मला 'तू' म्हटलं होतं. पण मी हादरलो ते त्यानं नाही. दीड वर्ष मी एकच प्रश्न उलटसुलट करून विचारत होतो, ती येईल का, ती येईल का. मी उठून जाऊ शकतो, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. दुकान होतं, आई होती, बोरी होती. मी म्हणजे जागेवर असणार, आणि यायचं ते तिनं. मी तोंड उघडलं. 'हो' म्हणावंसं वाटलं, तर आई समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी. 'नाही' म्हणावं तर जीभ वळेना. जे खरं होतं तेवढंच तोंडातून बाहेर पडलं.

"बिलमियोरुम," मी म्हणालो.

ज्या शब्दावर मी दीड वर्ष चिडत होतो, तो हाच. तो उच्चारायला किती जड जातो ते मला माहीत नव्हतं.

ती चिडली नाही. "बरं," म्हणाली. "मग बसा जरा."

आईनं तांब्या माझ्या हातात दिला. "काय म्हनायली सून?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती विभूतीची डबी उघडून माझ्याशेजारी खाटेवर बसली, पण माझ्या कपाळाला हात लावला नाही. फोन चालूच होता. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी पाणी प्यायलो आणि आईला म्हटलं, शेजारच्या पोराकडून ताडकळसच्या शेतकऱ्याला कळव की आज येणं व्हायचं नाही.